पळसापर्यंत नेलेलं स्टूल

रविवार, संध्याकाळ. माघ संपत आलाय.

ते घडीचं स्टूल मी नेलंच कशाला? मघापासून तेच डोक्यात घोळतंय.

दिवाळीत माझ्या बायकोला, रजनीला, अर्धांगाचा झटका आला, उजवा पाय लुळा पडला. तेव्हापासून ती घरातसुद्धा भिंत धरून चालायची. आज सकाळी म्हणाली, "माळावर जाऊ. पळस फुलला का बघू." रंगपंचमीचा रंग ती दर वर्षी पळसाची फुलं उकळून करते. बाजारचा रंग घरात येऊ देत नाही.

मोहोळच्या पुढं बसमधून उतरलो. स्टुलाकडं बघून तिनं विचारलं, "ह्ये कुणासाठी?"

"तुझ्यासाठीच की."

"मला न्हाय लागत."

काठी टेकत, थांबत माळ चढली, पण बसली नाही. वर झाडाला नुसत्या काळ्या, मखमली कळ्या. मी म्हटलं, चल, अजून वेळ आहे. ती वळसा घालून उन्हाच्या बाजूला गेली. तिकडनं हाक आली, "अवो, हिकडं या!" एकाच फांदीवर चार-पाच केशरी फुलं.

तोडली नाहीत तिनं. "ही पाखरांना. रंगापुरती मागनं फुलतील. तवा परत यायचं."

परत यायचं म्हणाली! दिवाळीपासून पहिल्यांदाच पुढचं काही बोलली.

दम मलाच लागला होता. तिनं माझ्या हातातलं स्टूल ओढलं, झटक्यात उघडलं, मातीत घट्ट रोवलं. "बसा आता तुमी."

बसलो. ती उभी, मी बसलेला. एवढ्या मोठ्या माळावर ते बघायला कुणीच नव्हतं, याचंच वाईट वाटलं.