बाकावरून गेलेली चाल

बाबा, दुकान अजून तिथेच आहे, कणकवलीच्या एसटी स्टँडच्या मागे, आणि बाजाच्या पेट्या आता मी दुरुस्त करते. तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही. खरं म्हणजे आपण बोलायचोही कमीच. पण काल दुपारी असं काही झालं की कोणाला विचारावं तेच कळेना. आईला विचारलं तर म्हणाली, "माका काय इचारतंस, तुझ्या बापाशीक इचार." म्हणून विचारते आहे.

दुकानाबाहेरचा लाकडी बाक तुम्हाला आठवत असेलच. जिल्ह्यातला गाणारा-वाजवणारा माणूस कणकवलीत उतरला की आधी त्या बाकावर टेकायचा, मग बाजारात जायचा. भजनी बुवा, दशावतारातले पेटीवाले, वरातीतले बँजोवाले, गणपतीपुरता ऑर्केस्ट्रा काढणारी कॉलेजची मुलं. शेजारच्या हॉटेलातून चहा येई आणि जो बाकावर हजर नसेल त्याचा सूर कसा पडतो यावर सगळ्यांचं एकमत होई. तुम्ही आत बसून पितळेच्या पट्ट्या खरवडत असायचात, कोणाच्याच बाजूने न बोलता. भजनाच्या डबलबारीत समोरासमोर बसून, आळीपाळीने गात एकमेकांना टोमणे मारणारे दोन बुवा पेट्या मात्र तुमच्याकडेच आणायचे, आणि एकाने दुकानात काय गाऊन पाहिलं ते दुसऱ्याला कधी कळायचं नाही. "पेटीवाल्यान कान उघडे ठेवचे, त्वांड नाय," हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलंत. आता त्या बाकावर तारकर्लीच्या हॉटेलांत गिटार वाजवणारी मुलं येऊन बसतात. दोडामार्गातली दोघं गोव्याच्या एका बँडमध्ये आहेत, ती मला मावशी म्हणतात आणि माझ्याच चहाला नावं ठेवतात. मंडळी बदलली, एकमत तेवढं तसंच आहे.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, मी एकोणीस वर्षांची. कॉलेज सुटलं की दुकानात. एका दुपारी ते उंच, घाऱ्या डोळ्यांचे बुवा आले, पेटी ताब्यात घेतली आणि तुमच्यासमोर गजराची नवी चाल गाऊन बघितली. आठ दिवसांनी त्यांची डबलबारी होती आणि ती चाल त्यांनी घरच्यांपासूनही लपवलेली होती. तुम्ही मान हलवलीत, एवढंच. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोडामार्गाहून एसटीने येणारी पेटी उतरवून घ्यायला स्टँडवर गेला होतात आणि बाकावर नेमके समोरच्या बारीचे, त्यांच्याविरुद्ध गाणारे बुवा येऊन बसले होते. मी आत कपाट पुसते आहे. ती चाल माझ्या तोंडात आहे. एकदा गुणगुणते, दोनदा, तीनदा, चारदा. बाहेर बुवांचा चहा अर्धा राहतो आणि ते उठून जातात. तुम्हाला काय सांगायचं, पहिली बारी गाणाऱ्याने तीच चाल आधी गायली की दुसऱ्याच्या हातात काही उरत नाही. त्याने आपलीच चाल गायली तरी लोक म्हणणार, चोरली. तसंच झालं. घारे बुवा त्या दिवशी जुनाच गजर गायले, आणि तोही मध्येच अडखळले म्हणे.

डबलबारीनंतर दोनच दिवसांनी ते दुकानात आले. बाक भरलेला होता. "माझी चाल तुमच्या दुकानातसून भायर गेली," एवढंच म्हणाले. मी भात्याला चामडं चिकटवत होते, हात तिथेच थांबला. तुम्ही कानस खाली ठेवलीत आणि म्हणालात, "मीच गुणगुणलंय असतलंय, बुवानू. माझी चूक झाली." बाबा, अहो तुम्ही! अख्ख्या बाजाराला माहीत होतं की तुमच्या कानासारखा कान नाही आणि तुमच्या गळ्यासारखा गळाही नाही. गणपतीत तुम्ही आरतीला उभे राहिलात की आई तुमच्या हातात झांज द्यायची, म्हणजे तोंड बंद राहील. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून यायचं? तरी बुवा ते ऐकून माघारी वळले, आणि त्यांच्यामागून हळूहळू बाकही रिकामा झाला. पेटीवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असा बोभाटा झाला. तुम्ही ते ऐकून घेतलंत. पुढची दोन वर्षं त्या बाकावर फक्त बँजोवाले बसायचे.

तुम्ही मला रागावला असतात तर बरं झालं असतं. एक अक्षर बोलला नाहीत. महिनाभराने जुन्या पेट्यांचे सुटे भाग जुळवून केलेली एक लहानशी पेटी माझ्यापुढे ठेवलीत आणि एका पट्टीवर बोट टेकवलंत. "ह्यो तुझो सूर. काळी चार." मग थोड्या वेळाने, पाठमोरे असताना, "गळो बरो आसा गो तुझो." आजपर्यंत मला कळलेलं नाही, ती शाबासकी होती की फटका. मी तुमच्यासमोर कधी गायले नव्हते. मग माझा सूर तुम्हाला कळला कसा? त्या दिवशी तुम्ही स्टँडवरून लवकर परत आला होतात का? दाराबाहेर उभे होतात का? उभे होतात तर मला थांबवलं का नाहीत? त्या पेटीवरच मी शिकले, त्याच पेटीवर आज माझं बायकांचं भजनी मंडळ चालतं. गाताना कोणी वाहवा केली की मला आधी बुवांचा अर्धा राहिलेला चहा दिसतो.

तर काल ते घारे बुवा आले. तीस वर्षांनी. काठी टेकत, नातीच्या स्कूटरवरून, दुरुस्तीची पेटी घेऊन. बाकावर बसले आणि म्हणाले, "नातीची बारी आसा. समोर कोण आसा, ठावक आसा मा?"

"मीच आहे," म्हटलं. पहिली बारी माझी, दुसरी तिची.

"होय. तूच." मग नातीला पेटी वाजवायला लावली आणि माझ्यासमोर, पडलेल्या दातांतून, तोच गजर गायले. अख्खा. "मी तो परत कधी गावक नाय. आता ह्या गातला," नातीकडे बोट करत म्हणाले. मग माझ्याकडे बघत, "तुझो बापूस म्हणालो, तेनीच गुणगुणल्यान. गो, तेका आरती धड म्हणाक येय नाय! मगे कोण ता?"

मी भात्यात तोंड घातलं आणि म्हटलं, चामडं बदलावं लागेल. "बदल. गुरवारी येतंय," म्हणाले आणि गेले.

माझं डोकं चालत नाही, बाबा. हा विश्वास आहे की परीक्षा? त्यांना कधीपासून माहीत आहे? तुम्हीच मागाहून सांगितलंत का? सांगावं तर तुम्ही तीस वर्षांपूर्वी भरल्या बाकासमोर जे बोललात ते खोटं ठरतं. गप्प बसावं तर त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मंडळातल्या एका मुलीला आडून विचारलं, तर ती हसली. "चाल चोरली म्हणजे काय गो मावशी? आता सगळा सकाळी मोबाईलवर येता." म्हणजे ज्या गोष्टीसाठी तुमचा बाक ओस पडला, ती आता कोणाला चूकही वाटत नाही. याने मला हलकं वाटायला हवं होतं. उलट रडूच आलं. आज सकाळपासून तो गजर दोनदा ओठांवर आला आणि दोन्ही वेळा मी उठून पाणी प्यायले.

गुरुवारी त्यांना काय सांगेन ते ठरलेलं नाही. हा कागदही कुठे पाठवायचा. तुमच्या कानशींच्या डब्यात पडून राहील. पण त्यांच्याआधी तुम्हाला सांगायला हवं. माझ्या तोंडून चुकून गेलं असं समजून तुम्ही सगळं अंगावर घेतलं असेल, तर ते तसं नव्हतं. बाकावर कोण बसलंय ते मला दारातून दिसत होतं. मला तोवर कोणी कधी "गा" म्हटलं नव्हतं, आणि एका मोठ्या बुवाने माझा आवाज ऐकावा एवढंच मला हवं होतं. म्हणून चौथ्यांदा मी जरा मोठ्याने गायले.