घरात आणलेली नदी

नेरे,
अनंत चतुर्दशी

प्रिय किशोर,

तू पाठवलेला व्हिडिओ मिळाला. नवा मासा देखणा आहे, टाकीतले दिवेही छान बसवलेत. आईला मोबाइलवर दाखवला. तिनं चष्मा लावून दोनदा पाहिला आणि एवढंच विचारलं, "जित्ता हाय न्हवं?" मग उठून मागच्या दारी जाऊन बसली. हे फोनवर सांगितलं असतं. पण तू फोन स्पीकरवर टाकतोस, मध्येच सायली काहीतरी बोलते आणि "ताई, नंतर बोलू" म्हणून तू मोकळा होतोस. तुझं ते नंतर काही उजाडत नाही.

आईला माझ्याकडे येऊन वर्ष होत आलं. माण ते नेरे म्हणजे काही काशी-रामेश्वर नाही, पण तू एकदाही फिरकला नाहीस. तिनं तिची लुगडी इतके दिवस माझ्या कपाटात ठेवली नव्हती. पिशवीतून काढायची, धुवायची, वाळवायची आणि घडी घालून परत पिशवीत भरायची. का, म्हणून विचारलं, तर म्हणायची, किशोर न्यायला आला तर खोळंबा नको. मला तिचा राग येतो, आणि तुझा तर त्याहून जास्त येतो.

तुझी ती टाकी आली तेव्हा मी तिथंच होते, म्हणून मला सगळं ठाऊक आहे. सहा फुटांची काच, जाड लोखंडी अँगलचा स्टँड, वर प्लाय, त्यावर थर्माकोल. वास्तूवाल्यानं सांगितलं की पाणी ईशान्येलाच हवं. ईशान्येला आईची खाट होती, खिडकीशी. तिथून तिला रस्ता दिसायचा, येणारी-जाणारी माणसं हाक मारायची. खाट उचलून जिन्याखाली ठेवली. फरशीला उतार निघाला, तर तू गवंड्याची पाण्याची नळी लावून सकाळभर चारही पाय एका पातळीत आणलेस. भरल्यावर बैलजोडीएवढं वजन होणार, एक पाय जरी खाली बसला तरी काच तडकेल, म्हणालास. मग उन्हानं पाणी हिरवं होतं म्हणून खिडकीही फळी मारून बंद केलीस. आई जिन्याखालून बघत होती. मला म्हणाली, "लई मन लावून करतोय बग." कौतुकानं म्हणाली हं, टोमणा नव्हता तो. टोमणे मारणं मला जमतं, तिला नाही.

पाणी भरून तू महिनाभर टाकी नुसती चालू ठेवलीस. पाणी मुरू द्यायचं असतं, माशाला एकदम परकं वाटता कामा नये, हे तू येईल त्याला समजावून सांगत होतास. मासे आणलेस तेही पिशवीसकट पाण्यावर तरंगत ठेवलेस, त्यांना सवय व्हावी म्हणून. एवढी समज तुझ्यात आहे हे बघून मला बरं वाटलं होतं. तिची खाट हलवायला मात्र पाच मिनिटं पुरली होती.

आता आबांच्या पितराचं सांगते. तू विसरला असशील, मी विसरलेले नाही. आबा गेल्यापासून दर पितराला कावळ्याला घास दिला की आई कणकेच्या गोळ्या घेऊन नदीवर जायची आणि माशांना घालायची. आबांना नदीचं वेड होतं, म्हणून. गेल्या वर्षी नदीच्या वाटेवर सोसायटीची भिंत उभी राहिलेली. लांबून वळसा घेऊन जावं लागणार होतं. ती तुझ्याकडे आली, गाडीवरनं सोड म्हणाली. तू जेवून सोफ्यावर आडवा झाला होतास. मी आत वड्यांची परात घासत होते, मला स्पष्ट ऐकू आलं. "आता कुठं नदीवर जातीस? घरात नदी आणलीय की. तितंच टाक." असं म्हणून तू हसलास. नवऱ्याच्या विनोदाला सायलीही हसली.

आईनं ते खरं मानलं. लेकानं सांगितलं, तिनं केलं. सगळ्या गोळ्या टाकीत सोडल्या आणि काचेला हात लावून नमस्कार केला. दुसऱ्या सकाळी पाणी ताकासारखं झालं आणि मासे उलटे तरंगले. मग तू मागच्या खोल्यांतल्या भाडेकरूंच्या देखत तिला जे बोललास ते मला त्या भाडेकरू पोरांकडूनच कळलं. आबांच्या नावानं जीव घेतलेस म्हणालास. त्याच दिवशी तिची खाट जिन्याखालून मागच्या भाड्याच्या खोलीत गेली. टाकीतलं पाणी पुन्हा मुरेपर्यंत, म्हणे. मी तिला घेऊन आले तेव्हा तू अडवलंही नाहीस.

त्या गोळ्या तू सांगितलंस म्हणून टाकल्या, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मी बोलायला गेले तर माझ्यावरच चिडली. म्हणाली, "त्यो मस्करी करत व्हता, मलाच कळाया पायजे व्हतं." ती आजही माझ्याकडे भाकरी थापते, भाजी निवडते, पण कणकेला हात लावत नाही. तुझ्या एका शब्दानं ती मोकळी झाली असती, किशोर. "मीच म्हणालो होतो" एवढं म्हटलं असतंस तरी पुरलं असतं. त्याऐवजी तू तिला नव्या माशाचा व्हिडिओ पाठवलास.

तो बघून ती मागच्या दारी बसली ती दिवेलागणीला आत आली. लुगडी पिशवीतून काढून तिनं माझ्या कपाटात लावली. मग मला म्हणाली, "यंदा आबांचं पान तुज्याकडं घालू." लेकीच्या घरी बापाचं पितर घातलं तर लोक नावं ठेवतील, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुझे दाजी लगेच हो म्हणाले. पंचमीला दुपारी पान वाढू, कावळ्याला घास मी देईन. तुला कळवायचं का, असं मी तिला विचारलं. कळव म्हणाली, पाव्हणेमंडळींना सांगायचंच असतं, येईल जेवून जाईल. म्हणून हे पत्र. पहिल्या पंगतीला तुझा पाट मांडलेला असेल.

तुझ्याच आईची लेक आणि तुझीच ताई,
सुलक्षणा