टिल्बी बेट कुणाच्याच नावावर नाही

मी, अर्लीन स्टेनगार्ड, वय ७३, राहणार डुलुथ, मिनेसोटा, धंदा शिवणकाम (आता बंद), हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्याच डॉक्टरांनी उन्हाळा नक्की दिसेल असे सांगितले, पानगळीचा विषय मात्र टाळला. म्हणून हा खटाटोप. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. शिवणयंत्र शेजारीण नदीन ओकीफ हिला द्यावे. तिला शिवता येत नाही. शिकेल.

कलम २. बर्फ उडवायचे यंत्र गॉर्डी हाल्वोर्सन याला द्यावे. जन्मभर गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ गाडीने काढला, आणि स्वतःच्या दारात अजून फावडे घेऊन वाकतो.

कलम ३. केकचे बिडाचे भांडे चुलतबहीण डोरीन हिला. ते तिने कधीच नेले आहे. आता ते कायद्याने तिचे झाले, तेव्हा माझ्या दफनाला तिने मान वर करून यावे.

कलम ४. राहते घर धाकटा भाऊ वॉल्टर याला.

कलम ५. स्वयंपाकघरातले टेबल मात्र वॉल्टर, गॉर्डी आणि नदीन या तिघांना समाईक, वाटणी न करता. हे टेबल वडिलांनी जागेवरच जोडले. ते दारातून बाहेर निघत नाही.

यावर वकील पेल्की म्हणाले, "अर्लीनबाई, घर एकाचं आणि त्यात टेबल तिघांचं? भांडणं होतील."

"होऊ देत," मी म्हटले. "बसून करतील."

आता कारण सांगते. वकिलांनी ते वगळायला सुचवले होते, मी ऐकले नाही.

या टेबलावर आम्ही चौघे रविवारी दुपारी गोष्टीचा खेळ खेळत असू. प्रत्येकाचे एक पात्र, मध्ये फासे, आणि सांगणारा एकटा वॉल्टर. तो सांगायचा छान. आवाज काढायचा, नकाशे रंगवायचा. पण शेवट त्याच्या निळ्या फायलीत आधीच लिहिलेला असे. माझे पात्र मार्ता, होडीने माणसे पलीकडे पोचवणारी. एकदा वादळात मी फासे टाकले ते उत्तम पडले. वॉल्टर म्हणाला, "फासे काहीही म्हणू देत, अर्लीन, ती बुडते. पुढच्या भागात मला तिचं भूत लागणार आहे."

हे मी विसरलेले नाही, याची इथे रीतसर नोंद व्हावी.

पुढे नदीनने नवा खेळ आणला. तळ्याकाठचा एक तांबूस दगड टेबलावर ठेवून म्हणाली, "यात सांगणारा एक नाही. दगड ज्याच्या हातात, तो सांगणार. त्याला अडलं की तो दुसऱ्याला विचारणार, आणि दुसरा जे म्हणेल ते खरं."

"मग शेवट कुणाला माहीत असतो?" वॉल्टरने विचारले.

"कुणालाच नाही."

"हा खेळ आहे की चर्चची मीटिंग? चला, माझा कोट द्या."

तो गेला. त्यानंतर लगेच जे घडले ते त्याने पाहिले नाही, आणि माझा खरा सल तो आहे.

दगड माझ्या हातात होता. गॉर्डीची बायको बेव्ह त्याच हिवाळ्यात वारली होती, आणि तो 'हो' आणि 'नको' यापलीकडे बोलत नसे. मला पुढचे सुचेना, म्हणून विचारले, "गॉर्डी, दीपगृहाच्या दारामागे काय आहे?"

मग तो म्हणाला, "स्वयंपाकघर. बेव्ह आहे आत. कॉफी ठेवलीय. म्हणतेय, ते बूट बाहेर काढ आधी."

नदीनने हातातले फासे अलगद खाली ठेवले. "मग? जातोस आत?"

"थांब गं. बूट काढतोय."

माझ्या अंगावर काटा आला. आताही लिहिताना आला. हे माझ्या मनात नव्हते, नदीनच्या नव्हते. मी विचारले नसते तर गॉर्डीच्याही मनात आले नसते. तरी ते आमच्यासमोर होते, आणि कॉफीचा वास मला आला, हे मी शपथेवर सांगते. तेव्हापासून दर रविवारी मी या टेबलाशी देवळात बसावे तशी बसते. माझ्या भावाइतका चांगला सांगणारा मला भेटलेला नाही, पण गोष्टीने त्याला एकदाही चकित केलेले नाही. तो जेवायला अजून येतो आणि दगड निघाला की उठतो. मला त्याचे फार वाईट वाटते.

कलम ६. आमच्या या गोष्टीतले टिल्बी बेट ही माझी मिळकत नाही. बंदर नदीनने सांगितले, वादळे गॉर्डीने, होड्या मी. ते कोणालाच देता येत नाही. माझी आहे फक्त मार्ता. नव्या खेळात मी तिला पुन्हा पाण्यावर आणली. आमच्या टेबलाचा नियम असा की पात्राचे शेवटचे वाक्य ज्याचे पात्र त्यानेच सांगायचे. गेल्या रविवारी मार्ता दाट धुक्यात धक्क्यावरून निघाली, आणि मी दगड खाली ठेवला. तिचे शेवटचे वाक्य सांगण्याचा माझा हक्क आणि तो दगड मी वॉल्टरला देते. निळी फाईल घरी ठेवावी. घर आता हेच, म्हणून माळ्यावर ठेवावी.

त्या वाक्यासाठी मी इथे कोरी जागा सोडणार होते. मृत्युपत्रात कोरी जागा चालत नाही, असे पेल्कींचे म्हणणे पडले. तेव्हा जागा भरते.

वॉल्टर, दगड तुझ्या हातात आहे. धुकं आहे. मार्ता वल्ही थांबवून ऐकतेय. तिला काय ऐकू येतंय, ते तू सांगू नकोस. आधी गॉर्डीला विचार.

सही: अर्लीन स्टेनगार्ड
स्थळ: डुलुथ. दिनांक: ९ मे २०२३

वरील बाईंनी आमच्या देखत मजकूर वाचून सही केली. आम्हा दोघांना यातून काहीही मिळणार नाही. मार्ता पोचते का, असे आम्ही विचारले. बाईंनी सांगितले नाही.

साक्षीदार: १. लॉइस टुओमी २. कर्टिस ब्रँडवॉल्ड