चवळीचे पाच पेले

अहो,

यामिनीची आज धडगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून पहिली ड्यूटी आहे. तुम्ही येत नाही म्हणालात, म्हणून मीच तिच्यासोबत जीपने जातेय. संध्याकाळी भावकी पेढे घ्यायला येईल. त्यांच्या जेवणासाठी एक किलो चवळी आत्ताच भिजत घाला. काटा बिघडलाय, पण पाणी प्यायच्या पेल्याने पाच पेले चवळी शिगोशीग भरून घेतली की किलो होते. भिजून दुपटीहून जास्त होईल, मोठं पातेलं घ्या.

पोरीला डोंगरात एकटं पाठवायचं नाही म्हणून तुम्ही तिच्याशी बोलणं सोडलंत. काल मात्र ओट्यावर सुकलालभाऊंना सांगत होतात, "मन्ही पोर डाक्टर शे!" मी दाराआडून ऐकलं. यामिनी माझ्या शेजारीच उभी होती. डोळे पुसून ती हसत बॅग भरायला गेली.

मोहिनी