राजाच्या हाताला फोड

बाई, तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी आता लिहायला बसले आहे. दुष्काळ सरल्यानंतरचं वर्ष, आपला चौथीचा वर्ग, पत्र्याखालची उकाड्याची खोली. तुम्ही धडा सलग वाचू देत नव्हता. चार ओळी झाल्या की म्हणायचात, "थांबा. आता मनात काय आलं ते विचारा. उत्तर मला येत नसेल तर आपण मिळून शोधू." सुरुवातीला आम्ही नुसतेच एकमेकांकडे बघायचो. मग हळूहळू हात वर यायला लागले.

तपासणीचे साहेब आले त्या दिवशी मला वाचायला उभं केलं होतं. माझं वाचन वर्गात सगळ्यांत स्वच्छ. राजाने गावासाठी विहीर खणली, असा धडा होता. मी थांबले, आणि मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. दुष्काळात गाव सोडून सोलापुरात आलेली, आई खडी फोडायला जाणारी. "बाई, राजानंच खणली व्हय? मग त्याच्या हाताला फोड आलं का न्हाईत?" वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. तुमचा चेहरा असा उजळला, की माझ्या वाचनानं तो तसा कधी उजळला नव्हता.

साहेबांनी कपाळाला आठ्या घालून मला विचारलं, "काय गं, किती धडे झाले तुमचे?" मी म्हटलं, "नऊच झाले, साहेब. बाई सारखं थांबवतात. परीक्षेचं काहीच घेत नाहीत." नऊ हे खरं होतं. पुढचं खोटं. शाळा सुटल्यावर तुम्ही रोज थांबून आमच्याकडून परीक्षेचं शुद्धलेखन करून घेत होता. साहेबांनी शेरेबुकात बराच वेळ काहीतरी लिहिलं. तुम्ही खडू हातात धरून उभ्या होता.

सोमवारपासून तुम्ही प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देऊ लागलात आणि आम्ही ती उतरवून घेऊ लागलो. ती मुलगी तरीही हात वर करायची, तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणायचात, "आता नको बाळ, लिहून घे." दिवाळीनंतर तिनं हात वर करणं सोडलं, आणि पाचवीला ती आलीच नाही. मला तुम्ही एकदाच, व्हरांड्यात गाठून म्हणालात, "साहेबांपुढं बोललीस ते चांगलं केलंस. फक्त खरं तेवढंच बोलायचं होतंस." मी मान हलवून वर्गात निघून गेले. माफी मागितली नाही.

पुढं मीही शिक्षिका झाले. मुलांना चार ओळींनंतर थांबवते, विचारायला लावते. एका प्रशिक्षणात कुणीतरी विचारलं, "ही पद्धत कुठं शिकलात?" मी म्हटलं, "अनुभवातून सुचलं." तेव्हा तुम्ही कुंभारीला भाच्याकडे होता, एसटीनं अर्ध्या तासावर. मला ते माहीत होतं. तुम्ही गेल्याचं मला नवी पेठेत साडी घेताना एका जुन्या वर्गमैत्रिणीनं सांगितलं. मी "अरेरे" म्हटलं आणि पदर बघत राहिले.

हे पत्र कुणाच्या हाती द्यायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. त्या दिवशी मी साहेबांना घाबरले होते, असं मी स्वतःला आजवर सांगत आले. मी घाबरले नव्हते, बाई. तिचा प्रश्न चांगला होता, आणि तो मला सुचला नव्हता.