दुसरी किल्ली

सोमवार, ३
देवापुढे दिवा लावला, मग फोनवरच्या पानावर प्रार्थना टाकली. ‘सकाळचे दोन शब्द’ला सात वर्षं झाली! चित्र नेहमीसारखं ताईंनी करून दिलं. “दादा, गुडघा कसा आहे?” त्यांनी लिहून विचारलं. कधी भेट नाही, पण तीन वर्षं सोबत पान सांभाळतात. पानाची दुसरी किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्यांच्याकडेच.

मंगळवार, ४
प्रार्थनेखाली समईचं चित्र. आत अक्षरं — ‘साठीपुढच्यांचं मतदान शनिवारी नाही, रविवारी.’ मी नाही लिहिलं! ताईंना विचारलं. उत्तर नाही.
कामावर, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात, वायरमनला दाखवलं. त्याने फोनवर बोट फिरवून पान कुठून चालतं ते बघितलं. “महाराज, तुमची ताई परदेशात बसून पान चालवते. ताई कसली, पगारी बाप्याही असेल!” हसला. मग माझं तोंड बघून फोन परत दिला.

बुधवार, ५
खुलासा लिहिला — ते खोटं आहे, मतदान शनिवारीच. लगेच गायब! पानाच्या कंपनीचा निरोप: निवडणुकीबाबत दिशाभूल करणारा मजकूर काढला आहे. पुन्हा लिहिला, पुन्हा गेला.
वायरमन म्हणाला, “यंत्र छाटतंय. ‘खोटं’ आणि ‘मतदान’ शेजारी दिसले की कात्री. चित्रातलं त्याला वाचता येत नाही.”
समई तशीच आहे, मला ती काढताही येईना. हे लोक देवाच्या उजेडाआड लपलेत.

गुरुवार, ६
माझीच किल्ली चालेना. वर पानावर नवी सूचना — ‘माझ्या आवाजात खोटे फोन येतील. ठेवून द्या.’
गावी अक्काला फोन लावला. “अक्का, मी —”
“मेल्या, माझ्या भावाचा आवाज काढतोस?” ठेवला! नंतर उचललाच नाही.
वडील गेल्यापासून तिने माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही. तेच नडलं.

शुक्रवार, ७
रजा नाही. साहेब म्हणाले, “उद्या नळ कोरडे राहिले तर माझी मान जाईल.” उद्या दुपारी सुटेन. मत द्यायचं की अक्काकडे जायचं? दोन्ही जमणार नाही.
बायको म्हणाली, “तुमचं मत गेलं तर गेलं. ती तुमच्यामुळे फसली, हे नाही सोसणार तुम्हाला. जा.”

शनिवार, ८
बस वाटेत बंद पडली. पोचलो तेव्हा मतदान संपून शाळेचं फाटक लागत होतं.
अक्काने दारातच माझा चेहरा चाचपला. “खरंच तूच?” इस्त्रीचे कपडे खुर्चीवर, चपला पुसून ठेवलेल्या — उद्यासाठी.
सगळं सांगितलं. ती उठून मोरीत गेली. भांडी घासत बसली.

रविवार, ९
पहाटे अक्का मला शाळेपाशी घेऊन गेली. बंद फाटकाबाहेर आळीतल्या म्हाताऱ्या रांगेत उभ्या. माझे दोन शब्द ती त्यांना रोज वाचून दाखवते — मला आज कळलं.
“काल मला यांना सांगायचा धीर झाला नाही,” ती म्हणाली. “तू सांग. त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे.”