चर्चची मूठ

प्रिय थांगपुईताई,

मी ठणठणीत आहे, शाळेत शिकवणंही चालू आहे. आईचा खोकला थांबला का?

दरडीने रस्ता बंद आहे आणि तांदूळ जेमतेम आठवड्यापुरते उरलेत. म्हणून भात शिजवण्याआधी चर्चसाठी काढायची तांदळाची मूठ मी बंद केली. तरी घरातल्या चर्चच्या डब्यात रोज एक मूठ वाढते आणि माझ्या पातेल्यात तेवढे तांदूळ कमी भरतात. दाराला आतून कडी असते.

शेजारीण म्हणाली, "बाई, तुमच्या आधी इथे राहणारी म्हातारी बियाकी उपाशी राहायची, पण मूठ चुकवायची नाही. आता मेल्यावर चुकवेल होय?"

मी तिला झापलं. आज मात्र मूठ मीच काढली. माझ्यामागे कुणीतरी समाधानाने सुस्कारा सोडला.

आईला एवढंच सांग, की मी पोटभर जेवते.

तुझी धाकटी,
झोदिनी